जुना ट्रॅक्टर गटासाठी घ्यावा का?

मैत्रिणींनो, दिवाळी झाली, गटाच्या खात्यात थोडी रक्कम जमली, की बैठकीत एक विषय हमखास निघतो. "पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरवाला आपल्या रानात शेवटी येतो. आपलाच एखादा जुना ट्रॅक्टर घेऊ या की." नव्याची किंमत ऐकून हा विषय बाजूला पडतो. मग कुणाच्या तरी ओळखीतून जुन्याचा सांगावा येतो, अडीच-तीन लाखांत. ताबडतोब होय म्हणावं असंही नाही आणि घाबरून नको म्हणावं असंही नाही. काय बघायचं ते इथे सांगते.

आधी जुन्याच्या बाजूने बोलू. महिंद्रा 275, स्वराज 735, मॅसी 1035 यांसारखे 35 ते 40 एचपीचे तीन सिलेंडरचे ट्रॅक्टर आपल्याकडे गावोगाव आहेत. इंजिन साधं, डिझेल पंप साधा, संगणकाचा पत्ता नाही. तालुक्याच्या गावातला फिटर ते खोलतो, सुटे भाग त्याच बाजारात मिळतात. 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्या मोठ्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग वाढलेत आणि तिथे बिघाड झाला तर गावचा फिटर हात टेकतो. जुन्या लहान गाडीत ही भानगड नाही. शिवाय नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत भरपूर किंमत गमावते, तो तोटा पहिल्या मालकाने आधीच सोसलेला असतो.

पण "जुनं ते सोनं" सगळ्याच गाड्यांना लागू नाही. एचएमटीचे ट्रॅक्टर दणकट म्हणून लोक अजून नाव काढतात. पण त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने 2016 मध्येच मंजुरी दिली, म्हणून भागांसाठी फिरावं लागतं. आयशरचा एका सिलेंडरचा हवेवर थंड होणारा ट्रॅक्टर डिझेल कमी पितो, ट्रॉलीला चांगला चालतो, पण काळ्या रानात खोल नांगरट किंवा मोठा रोटाव्हेटर त्याच्या आवाक्यातला नाही. आपलं काम कोणतं ते आधी ठरवावं, मग गाडी बघायला जावं.

गाडीने आधी काय काम केलं, हा प्रश्न मला वर्षापेक्षा मोठा वाटतो. दहा वर्षं शेतकऱ्याच्या घरच्या रानात चाललेला ट्रॅक्टर आणि चार हंगाम उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर, यात मी पहिला निवडीन. उसाच्या गाडीचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल झिजलेला असतो. भाताच्या चिखलणीत चाललेल्या गाडीच्या मागच्या चाकांचे सील बघावेत, तिथून पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं. पुढे लोडर बसवलेला असेल तर पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग सैल झालेलं असतं. हाऊसिंगवर वेल्डिंगची खूण दिसली, की विचारायचं: हे कशाने फुटलं? तासांच्या मीटरवर मात्र विसंबू नका. मीटर बंद पडतो, बदलतो. मीटर बाराशे तास दाखवतोय आणि क्लचच्या पायट्याचं रबर घासून गुळगुळीत झालंय, तर पायट्यावर विश्वास ठेवा. नवा चकचकीत रंगही मला आवडत नाही. रंगाखाली तेलाची गळती झाकली जाते.

बघायला सकाळी जा, आणि येतोय म्हणून फार आधी कळवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. थंड गाडी एका-दोन सेल्फात उठली पाहिजे. मग धुराकडे बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो येतच राहिला तर इंजिनात पाणी जातंय का, अशी शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा-लायनर गेलेत. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचा असतो, तो खर्च त्यामानाने कमी. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा. तिथून भकाभक धूर येत असेल तर इंजिनकाम दारात आलंय.

ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा, गरम असताना उघडलं तर वाफ तोंडावर येते. पाण्यावर तेलाचा तवंग नको. मग लिफ्ट. मागे अवजार लावून वर उचला आणि गाडी बंद करा. जुन्या गाडीत ते हळूहळू खाली येतं, पण धपकन आलं तर लिफ्टचं काम आहे. टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे कोरलेले असतात, 2219 म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. मागची जोडी बदलायची झाली तर मोठा खर्च आहे, तो भावातून आधी कापायचा. आणि फिटर आपला न्यावा. विकणाऱ्याने आणलेल्या फिटरला सगळंच चांगलं दिसतं.

आता हिशेब. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर घालून बैठकीत पुन्हा मांडा. समजा, गाडी तीन लाखांची आणि दुरुस्ती-टायरचे साठ हजार, म्हणजे 3,60,000 रुपये. रोटाव्हेटरचं भाडं तासाला 900. त्यातून डिझेल पाच लिटर म्हणजे 450, चालकाचे 120, ऑइल-देखभालीचे 80. तासाला उरले 250. वर्षात 400 तास काम मिळालं तर एक लाख. विमा आणि किरकोळ कागदांचे दहा हजार गेले, नव्वद हजार राहिले. सगळी रक्कम 12 टक्क्यांच्या कर्जाची असेल तर पहिल्या वर्षाचं व्याजच 43,200. तरी नव्वद हजार दरवर्षी भरत राहिलं तर साधारण सहा वर्षांत कर्ज फिटतं.

हेच काम 250 तासांवर आलं तर? हाती 52,500, व्याज तेच 43,200, मुद्दलाला उरतात 9,300. एका पावसाने ओढ दिली, क्लच प्लेट गेली, की तेही नाहीत. म्हणून "गाडी केवढ्याला?" याच्या आधी "वर्षाला किती तास?" हे विचारायला हवं. सदस्यांची रानं, पिकं, एकर कागदावर मांडा. गावात आधीच सहा ट्रॅक्टर असतील तर सातव्याला तास कुठून येणार? शिवाय सगळ्यांची पेरणी त्याच आठ-दहा दिवसांत असते. कुणाचं रान आधी, हे चिठ्ठ्या टाकून किंवा क्रमाने, पण गाडी घ्यायच्या आधी ठरवा. उधारीचंही तसंच. घरच्या माणसांची उधारी वसूल करणं सगळ्यात अवघड.

नवं-जुनं तुलना करताना एक लक्षात असू द्या. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली तर जुनीही उतरली पाहिजे, भाव करताना हे बोलून दाखवा. सरकारी अनुदान मात्र नव्या यंत्रालाच मिळतं, जुन्याला नाही. माझं मत विचाराल तर बऱ्याच गटांनी आधी पेरणी यंत्र किंवा मळणी यंत्र अनुदानातून नवं घ्यावं आणि ट्रॅक्टर भाड्याने लावावा. अवजार आपलं असलं की ट्रॅक्टरवालाच आपल्या दारी येतो.

कागदांचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि सगळ्यात जास्त तोच रडवतो. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी कधीची, विमा आहे का, बोजा आहे का, बरंच तिथे दिसतं. नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते यातून कळेल. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 घ्या. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, ती नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. विमा काढताना गाडी भाड्याने चालणार हे सांगा आणि पॉलिसीत काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

आणि नाव कुणाचं? पैसे बायकांच्या बचतीचे, कर्ज बायकांच्या सह्यांचं, आणि आरसीवर कुणाच्या तरी मालकाचं किंवा दिराचं नाव, असं होऊ देऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, गाडी त्याची. पुढे भांडण झालं तर गटाची वही आरटीओत चालत नाही. बचत गट बहुधा नोंदणीकृत नसतो, म्हणून ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ नोंदणीकृत असेल तर त्याच्या नावावर गाडी होईल का, हे आरटीओत आधीच विचारा. सदस्याच्याच नावावर घ्यावी लागली तर पैसे गटाचे आहेत असा ठराव आणि स्टॅम्पपेपरवर करार, दोन्ही करा.

सुरक्षेचं एक सांगते. पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर अडकला तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. जुन्या गाड्यांचं शाफ्टवरचं कव्हर बहुतेक वेळा काढून फेकलेलं असतं. ते नवं बसवल्याशिवाय मळणीला उभं राहू नका. मडगार्डवर कुणी बसायचं नाही, आणि मजूर बायकांना ट्रॉलीतून न्यायचं नाही. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात शेतात कामाला निघालेल्या बायकांची ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी गेल्या. गाडी गटाची झाली की ही जबाबदारीही गटाचीच होते.

सौदा ठरला तर इसार थोडाच द्या, पावती घ्या, तीत इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लिहून घ्या आणि ते गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. बाकीचे पैसे खात्यातूनच द्या, आणि तेही फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्यावरच.