अनवाणी की गादीचा बूट?

इथिओपियाचा आबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. १९६४ साली टोकियोत बूट घालून, तीही तीन मिनिटे कमी वेळात! मग खरे कोणते?

पातळ तळव्याच्या बुटात धावणारा बहुधा चवड्यावर उतरतो. गुडघ्यावरचा भार हलका होतो खरा, पण तो पोटरीवर व पावलाच्या हाडांवर जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असा बूट धरलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत दहाच आठवड्यांत सूज वाढली. गवयाने एकदम दोन पट्ट्या चढवल्या तर गळा बसणारच! गादीचा बूट घातला म्हणजे दुखापत टळली, असेही नव्हे.

पातळ बूट आठवड्यातून एखादे दिवशी, अर्धा मैलच वापरावा. पोटरी भरून आली की थांबावे.