कोडं पुरं व्हायच्या आधी दाखवा!

मित्रहो, आपल्या हॉस्टेलवर गेम खेळणारे किती आहेत हे मी सांगायला नको. रात्री अकरानंतर कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा, आवाजावरूनच कळेल. पण गेम बनवणारे? ते शोधावे लागतात. गेलं वर्षभर आम्ही तिघं रूम पार्टनर एक कोड्याचा खेळ बनवतोय. तो अजून बाहेर आलेला नाही. तरीही हा लेख लिहितोय, कारण एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. ती तुम्हाला लवकर कळावी, एवढीच इच्छा.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. मी भांडगावचा, तालुका दौंड. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. खडकवासल्याचा कालवा आमच्या तालुक्यातून जातो. पाण्याची पाळी आली की रात्री-अपरात्री रानात जाऊन दारं धरायची, हे आमच्याकडच्या पोरांना नवीन नाही. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो : पाटातून पाणी येतं, एका वाफ्याचं दारं मातीने बंद करायचं, पुढच्या वाफ्याचं फोडायचं. पाळी संपायच्या आत सगळं रान भिजलं पाहिजे. एक दिवस लक्षात आलं, अरे, हे तर आयतं कोडं आहे! पडद्यावर चौकटी, कडेने पाट, ठरावीक चाली, आणि तेवढ्यात सगळे वाफे भिजवायचे. एखाद्या वाफ्यात जास्त पाणी गेलं तर तो फुटला, खेळ खलास.

गोडो नावाचं गेम इंजिन फुकट मिळतं. त्यात आम्ही सहा महिन्यांत बावीस पायऱ्या तयार केल्या. पायरी म्हणजे लेव्हल. आणि या सहा महिन्यांत खेळ कुणालाही दाखवला नाही! आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं, की दाखवला तर कुणीतरी कल्पना चोरेल. दुसऱ्याचं मत, अर्धवट दाखवून हसं कशाला करून घ्यायचं? मीही गप्प बसलो.

पहिला झटका

शेवटी एका रात्री मेसमधल्या मामांच्या हातात लॅपटॉप दिला. मामा रोज जेवणानंतर मोबाईलवर सुडोकू सोडवतात, म्हणजे डोकं पक्कं. पण ते पहिल्याच पायरीवर अडकले. दारं फोडायला वाफ्याच्या कडेवर क्लिक करायचं होतं, आणि मामा वाफ्याच्या मधोमध क्लिक करत होते. आम्ही तिघं एकदम ओरडलो, "मामा, कडेला, कडेला!" मामांनी लॅपटॉप परत दिला. म्हणाले, "तुम्ही तिघं डब्यात बसून येणार असाल तर खेळतो."

इथेच खरी मेख आहे. रेसिंगचा खेळ बनवणारा स्वतः खेळून बघू शकतो, की गाडी नीट वळते का. कोड्याच्या खेळात मात्र बनवणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. त्यामुळे कोडं अवघड आहे की सोपं, समजतंय की नाही, हे सांगू न शकणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे तो स्वतः! दुसऱ्याला दाखवण्यावाचून इलाज नाही. शिवाय प्रत्येक माणूस तुमच्या कोड्याला नवखा असतो तो एकदाच. म्हणून दहा जणांना एकाच दिवशी दाखवू नका. दोघांना दाखवा, सुधारा, मग पुढचे दोघं.

दुसरा झटका

दिवाळीत घरी गेलो तेव्हा वडिलांना दाखवला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पटापट चार पायऱ्या पार. पाचवीत त्यांनी एकाच वेळी दोन दारं फोडायला बघितली. खेळ ऐकेना, कारण एका वेळी एकच दारं हा आमचा नियम. वडील म्हणाले, "दोन दारं फोडली की पाणी निम्मं होतं, पण जातं की! तुझ्यात का जात नाही?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. त्या रात्री झोप आली नाही, कारण तो प्रश्न आमच्या सगळ्या खेळापेक्षा चांगला होता. निम्मं पाणी म्हणजे वाफा भिजायला दुप्पट वेळ, पण एकाच वेळी दोन वाफे. कधी फायदा, कधी तोटा. खरं कोडं तिथे होतं!

आता थोडं गणित. सहा दारं असतील आणि एका वेळी एकच फोडता येत असेल, तर प्रत्येक चालीला ६ पर्याय. पाच चालींत ७,७७६ क्रम. दोनही चालत असतील तर सहातून दोन निवडण्याचे १५ प्रकार वाढले, म्हणजे २१ पर्याय. पाच चालींत ४०,८४,१०१! हातानं तपासणं अशक्य. मग डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपण घोकलेला ब्रेड्थ फर्स्ट सर्च कामाला आला. प्रोग्रॅम प्रत्येक पायरीची सगळ्यात कमी चालींची वाट शोधून देतो. नवीन नियम लावून जुन्या पायऱ्या त्यात घातल्या, तर बहुतेक सगळ्या दोन-तीन चालींत सुटायला लागल्या. बावीसच्या बावीस पायऱ्या रद्द. एक पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सहा महिन्यांची मेहनत गेली, आणि ती सुद्धा पाच मिनिटांच्या खेळात कळली असती! पहिल्याच आठवड्यात कागदावर चौकटी काढून वडिलांपुढे ठेवल्या असत्या तरी भागलं असतं.

एक लक्षात ठेवा, प्रोग्रॅम फक्त उत्तर आहे की नाही ते सांगतो. मामा कुठे क्लिक करतील ते तो सांगत नाही.

मोठ्यांनी काय केलं?

जगभरच्या नावाजलेल्या कोड्याच्या खेळांचा इतिहास पाहिला, तर बरेचसे आधी अर्धवटच दाखवले गेलेत. जोनाथन ब्लोच्या 'ब्रेड'ला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं बक्षीस २००६ मध्ये मिळालं, आणि खेळ बाजारात आला ऑगस्ट २००८ मध्ये. फिनलंडच्या आर्वी टेइकारीने 'बाबा इज यू'ची पहिली आवृत्ती २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे एका वीकएंडच्या स्पर्धेत केली. २०१८ मध्ये त्याला त्याच फेस्टिव्हलमध्ये सर्वोत्तम विद्यार्थी खेळाचं बक्षीस मिळालं, आणि पुरा खेळ मार्च २०१९ मध्ये आला. अमेरिकेतल्या डिजिपेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'नारबॅक्युलर ड्रॉप' नावाचा प्रोजेक्ट २००५ मध्ये केला. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने अख्ख्या टीमला नोकरी दिली, आणि त्यातून २००७ मध्ये 'पोर्टल' आला. प्रोजेक्ट ब्लॅक बुकात बांधून कपाटात ठेवला असता तर?

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. मुंबईच्या शैलेश प्रभूंच्या यलो मंकी स्टुडिओने 'ह्यूब्रिक्स' (२०१२) हा रंगीत रेघांनी चौकट भरायचा खेळ काढला. पुढे 'सोशिओबॉल' (२०१५) मध्ये खेळणाऱ्याने रचलेलं कोडं ट्विटरवरून दुसऱ्याला पाठवायची सोय केली. आपल्या पुण्याचा 'राजी' तर बहुतेकांना माहीत असेल. त्यात मारामारी जास्त, कोडी मधून मधून. नॉडिंग हेड्सच्या श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर तो लोकांसमोर मांडला. तिथला नियम कडक आहे, ठरवलेली रक्कम जमली नाही तर हातात शून्य. रक्कम जमली नाही. अविचल सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. १८ ऑगस्ट २०२० ला खेळ निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. म्हणजे दाखवलं की लगेच टाळ्याच पडतात असं नाही, हेही समजून असा.

राहिला चोरीचा प्रश्न. 'थ्रीज' हा आकड्यांचा खेळ बनवायला चौदा महिने लागले. तो फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, आणि मार्चमध्ये त्याच धर्तीचा '२०४८' फुकट आला आणि जगभर पसरला. नक्कल झाली ती खेळ बाजारात आल्यावर! लपवून ठेवल्याने ती टळली नसती.

करायचं कसं?

१. आधी कागद आणि पेन्सिल. कोड वाया गेला की जीव जळतो, कागद गेला तर नाही.

२. खेळणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन बसा आणि तोंड बंद ठेवा. "कसा वाटला?" विचारू नका, मित्र "भारी" म्हणणारच. तो कुठे थांबला, कुठे चुकीचं क्लिक केलं, ते लिहा.

३. डेमो दहा-पंधरा मिनिटांचा ठेवा. एक पायरी, एक नवीन नियम. शेवट अशा ठिकाणी करा की पुढचं बघावंसं वाटेल.

४. इच.आयओ वर खेळ फुकट टाकता येतो. स्टीमवर एका खेळाला १०० डॉलर फी आहे. त्यांच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या जत्रेत एका खेळाला एकदाच भाग घेता येतो. म्हणून तिथे कच्चा माल घेऊन जाऊ नका, कच्चा माल आपल्या मेससाठी आहे.

आमच्या नव्या खेळात सध्या नऊ पायऱ्या आहेत. दोन दारांचा नियम आहे, आणि वाफ्यावर कुठेही क्लिक केलं तरी दारं फुटतं. मामांनी सहा पायऱ्या सोडवल्यात, सातवीत अडकलेत. का अडकलेत ते अजून आम्हाला उमगलेलं नाही. दर शनिवारी रात्री जेवणानंतर आम्ही मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. विद्यार्थी, सर, मॅडम, ऑफिसमधली मंडळी, कुणीही या. खेळा, चुका, शिव्या द्या. आम्ही मध्ये बोलणार नाही, शब्द देतो!