बोदलेअर भावंडं आणि त्यांचे वाचक

आभाळ भरून आलेलं, धुकं पडलेलं, म्हणून समुद्रकिनारा रिकामा. १४ वर्षांची व्हायोलेट पाण्यावर दगड भिरकावतेय आणि भिरकावलेला दगड परत आणणारं यंत्र मनातल्या मनात जुळवतेय. १२ वर्षांचा क्लाउस खडकांमधल्या डबक्यांत अडकलेले जीव निरखतोय. धाकटी सनी तान्ही आहे. तिला चार धारदार दात आहेत आणि दिसेल ते चावायचं हा तिचा दिवसभराचा उद्योग. तेवढ्यात धुक्यातून एक माणूस चालत येतो. हे मिस्टर पो, आईवडिलांच्या ओळखीचे बँकवाले. घर जळालं, आईवडील गेले, असं ते मुलांना सांगतात. सांगताना ‘गेले’साठी एक भारदस्त शब्द वापरतात आणि मुलांना तो कळला नसेल म्हणून लगेच त्याचा अर्थही सांगतात. क्लाउस चिडून म्हणतो की तो अर्थ त्यांना माहीत आहे.

‘द बॅड बिगिनिंग’ची ही सुरुवात मी भाचीला मोठ्यानं वाचून दाखवत होते. ती तेव्हा दहा वर्षांची होती. क्लाउसच्या बोलण्यापाशी तिनं पानावर हात ठेवला आणि म्हणाली, “मावशी, हे परत वाच.” मी परत वाचलं. तिला आग लागल्याचा प्रसंग परत नको होता, ते एकच वाक्य हवं होतं. या पुस्तकाबद्दल गेल्या पंचवीसएक वर्षांत वाचकांनी जे बरंवाईट म्हटलंय, त्याचं मूळ मला तरी त्या वाक्यात सापडतं.

पुस्तक ३० सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आलं. त्याच दिवशी मालिकेतलं दुसरं पुस्तकही बाजारात आलं. मालिकेचं नाव ‘अ सीरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’, आणि लेखकाच्या जागी नाव लेमनी स्निकेट. हा स्निकेट म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा डॅनियल हँडलर. ‘द बेसिक एट’ या मोठ्यांसाठीच्या कादंबरीच्या तयारीसाठी त्याला काही कडव्या संघटनांची पत्रकं मागवायची होती. स्वतःचं नाव द्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं फोनवर हे नाव सांगून टाकलं होतं. पुढे सुझन रिच या संपादिकेनं त्याला मुलांसाठी लिहायला सुचवलं, तेव्हा त्यानं आईबापांवेगळ्या तीन मुलांच्या हालअपेष्टांची कल्पना मांडली. ती नाकारली जाईल अशीच त्याची अपेक्षा होती. पण ती स्वीकारली गेली आणि मालिका तेरा पुस्तकांपर्यंत पोचली. शेवटचं पुस्तक १३ ऑक्टोबर २००६ ला आलं, तो शुक्रवार होता. पाश्चात्त्यांच्या समजुतीप्रमाणे तेरा तारखेचा शुक्रवार अपशकुनी, आणि ही तारीख मुद्दामच निवडलेली होती. मालिकेच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत, भाषांतरं चाळीसच्या आसपास भाषांत झाली आहेत.

स्निकेट पहिल्याच पानावर वाचकाला परतवू पाहतो. सुखाचा शेवट हवा असेल तर दुसरं पुस्तक घ्या, इथे शेवट सुखाचा नाही, सुरुवातही नाही आणि मधलाही भाग फारसा नाही, असं तो सांगतो. एवढं ऐकून पुस्तक खाली ठेवणारं मूल अजून मी पाहिलेलं नाही. मुलांना यात गंमत वाटते हे खरं, पण माझ्या मते तेवढ्यावर ती थांबत नाहीत. मुलांशी बोलताना बहुतेक पुस्तकं आधीच ठरवून येतात की शेवटी सगळं गोड करायचं, आणि मुलांना ते पहिल्या दोन पानांत कळतं. इथे मात्र सांगणारा जे सांगतो तेच पुढे घडतं. मुलं त्याच्यावर विश्वास ठेवतात ते यामुळे.

नापसंती सांगणाऱ्या वाचकांची एक तक्रार ठरलेली असते. हा निवेदक मध्येच थांबून शब्दांचे अर्थ सांगतो, मुलांना काही कळत नाही असं धरून चालतो, असं ते म्हणतात. शिक्षकांना नेमकं हेच आवडतं, कारण मुलांचा शब्दसंग्रह वाढतो. मला दोन्ही मतं अर्धी वाटतात. मिस्टर पो अर्थ सांगतात तेव्हा क्लाउस चिडतो, हे पहिल्याच प्रकरणात घडलेलं असतं. नको तिथे शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या मोठ्या माणसाचं रूप लेखकानं आधीच दाखवलेलं आहे. त्यानंतर स्निकेट स्वतः अर्थ सांगतो तो निराळ्या प्रकारचा असतो. शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवून तो शब्द या तीन मुलांच्या बाबतीत, या घटकेला काय अर्थाचा आहे ते सांगतो. त्यामुळे मूल शब्द शिकतं आणि त्याचबरोबर मोठी माणसं शब्दाआड कशी लपतात तेही पाहतं.

याचं उत्तम उदाहरण बँकेतल्या प्रसंगात आहे. तोवर मुलांना काउंट ओलाफ या लांबच्या नातेवाइकाच्या घरी पाठवलेलं असतं. हा ओलाफ नट आहे, त्याची एकच सलग भुवई, घोट्यावर गोंदलेला डोळा. त्याच्या घरी तिघांना मिळून एक खोली, एक पलंग, खेळायला दगडांचा ढीग. रोज कामांची यादी हातात ठेवली जाते. नाटक मंडळींसाठी रात्रीचं जेवण करा असा हुकूम येतो, तेव्हा मुलं शेजारच्या न्यायाधीश बाई जस्टिस स्ट्राउस यांच्या ग्रंथालयातून पाककृतीचं पुस्तक शोधतात आणि टोमॅटो, ऑलिव्ह, लसूण घालून पास्ता करतात. ओलाफ घरी येऊन विचारतो, मांस कुठे आहे? आणि क्लाउसच्या तोंडात भडकावतो.

दुसऱ्या दिवशी मुलं गाव तुडवत मिस्टर पोंच्या कार्यालयात पोचतात आणि झालं ते सांगतात. पो खोकत असतात, मधे मधे फोन घेत असतात. मग कायद्यातला एक लॅटिन शब्दप्रयोग काढून समजावतात की ओलाफ आता तुमच्या आईवडिलांच्या जागी आहे, त्याला योग्य वाटेल तसं तो तुम्हाला वाढवणार. त्यात दुष्टावा कुठेच नाही. पो मुलांचं वाईट चिंतत नाहीत, त्यांच्या परीनं ते कर्तव्यच करताहेत. मूल बोलतं, मोठा माणूस मान डोलावतो, पण ऐकत काही नाही. आपल्या घरांत, शाळांत, दवाखान्यांत हे रोज चालतं.

पुस्तकातली मोठी माणसं इतकी मूर्ख कशी, हा वाचकांचा दुसरा आक्षेप इथूनच निघतो. तो घेणारे बहुतेक जण मोठे असतात. पुढच्या पुस्तकांतही ओलाफ वेष पालटून येतो, मुलं ओळखतात, मोठे ओळखत नाहीत. हे फारच ओढूनताणून आणलंय, असं पालक म्हणतात. मुलांना मात्र हा भाग सर्वांत खरा वाटतो. लहानपणी ही पुस्तकं वाचून पुढे तिशीत ती पुन्हा हातात घेणारे वाचक एक वेगळीच गोष्ट सांगतात. लहानपणी त्यांना ओलाफची भीती वाटायची, आता पो पाहिले की पोटात गोळा येतो. मी त्यांच्यापैकी नाही, मी पहिल्यांदाच मोठेपणी वाचलं. पण बँकेतलं ते प्रकरण वाचताना माझाही आवाज मधेच बसला होता.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, त्यावर थोडं थांबायला हवं. भावंडांच्या आईवडिलांनी ठेवलेली मोठी दौलत व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत बँकेत बंद असते. ती हडपण्यासाठी ओलाफ एक नाटक बसवतो. नाटकात लग्नाचा प्रवेश आहे, न्यायाधीशाच्या भूमिकेत खरी न्यायाधीश आहे, आणि वधू म्हणून व्हायोलेटनं खऱ्या कागदावर सही करायची आहे. तिनं नकार देऊ नये म्हणून सनीला पिंजऱ्यात घालून मनोऱ्याच्या खिडकीबाहेर टांगून ठेवलेलं आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं नातेवाइकाशी लग्न हा विषय मुलांच्या पुस्तकात कशाला, असं म्हणत अमेरिकेत काही शाळांनी आक्षेप घेतला.

मराठी वाचकाला इथे ‘संगीत शारदा’ आठवल्याशिवाय राहत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ते नाटक १८९९ चं, ‘द बॅड बिगिनिंग’च्या बरोबर शंभर वर्षं आधीचं. तिथेही पैशापायी मुलीचं लग्न लावलं जातंय. बाप कांचनभट लोभी, नवरा भुजंगनाथ म्हातारा. तिथेही लग्न मोडतं ते नियमावर बोट ठेवून: वधूवर सगोत्र निघतात. शारदेची दया येऊन कोणी ते थांबवत नाही. व्हायोलेटही अशीच सुटते. विवाहाच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक रात्रभर चाळून क्लाउसनं एक कलम काढलेलं असतं. वधूनं सही स्वतःच्या हातानं करायची असते, असं ते कलम. व्हायोलेट उजव्या हातानं लिहिते, ती सही डाव्या हातानं करते आणि लग्न रद्द ठरतं. दोन्हीकडे अन्याय उघडा पडलेला असूनही तेवढ्यानं भागत नाही, कामी येतं ते कलम. देवलांनी हा विषय रंगभूमीवर आणला तेव्हा प्रेक्षक मोठे होते. हँडलरनं तो मुलांसमोर ठेवला, आणि सुटकेची वाट मुलांनाच शोधायला लावली. मुलांना यातून घाण शिकायला मिळते, हा आरोप मला पटत नाही. मुलगी स्वतःच्या बुद्धीनं सुटते आणि तिला वाचवणारी गोष्ट ग्रंथालयात सापडते, हे भाचीला सांगायला मला अजिबात संकोच वाटला नाही.

इतकं दुःख मुलांना कशाला द्यायचं, या प्रश्नाला एकदा फार कठोर काळात तोंड द्यावं लागलं. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर हँडलरनं ‘द न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. मुलं त्याला विचारत होती, ओलाफ दहशतवादी आहे का? बोदलेअर भावंडं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जवळपास होती का? संकट अंगावर आलेलं असताना मुलांनी गोड गोष्टींकडे पळ काढला नव्हता. आईवडिलांविना राहिलेल्या या तिघांच्या गोष्टीतून ती जगाकडे बघत होती. हँडलरच्या वडिलांना ज्यू म्हणून जर्मनी सोडून निर्वासित व्हावं लागलं होतं. चांगलं वागणाऱ्याचं चांगलंच होतं, हा भरवसा ज्या घरात उरलेला नसतो, तिथे वाढलेल्या माणसाचं हे लेखन आहे, हे वाचताना जाणवत राहतं.

तरीही पुस्तक हसवतं. विषण्ण प्रसंगांतून निघणारं हे हसू चित्रकार-लेखक एडवर्ड गोरीच्या घराण्यातलं आहे, आणि गोरीचं ऋण हँडलरनं मोकळेपणानं मानलंय. गोरीच्या १९६३ च्या मुळाक्षरांच्या पुस्तकात सव्वीस अक्षरांना सव्वीस मुलं तऱ्हेतऱ्हेनं मरतात. हँडलर तितका निर्दय नाही. त्याचं हसू मुलांच्या बाजूचं आहे, मुलांना कधी हसत नाही. ब्रेट हेल्क्विस्टची चित्रं त्याला फार साजून दिसतात: लांबोडके चेहरे, वाकडी घरं, आणि त्यांत गंभीर डोळ्यांची तीन मुलं. जाहीर वाचनाला हँडलर यायचा तोही स्निकेटचा प्रतिनिधी म्हणून. स्निकेटसाहेब येऊ शकत नाहीत म्हणून सांगायचा आणि अकॉर्डियन वाजवायचा.

सगळीच पुस्तकं सारखी उतरलेली नाहीत. मधल्या तीनचार भागांत नवा पालक, नवं सोंग, पुन्हा पळापळ हा साचा जाणवतो, आणि कंटाळून तिथे सोडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. शेवटाबद्दल तर चाहत्यांतच दोन तट आहेत. पुढच्या पुस्तकांत ज्याच्यामागे सगळे धावतात त्या साखरेच्या भांड्याचं रहस्य पुस्तकात नीट उलगडत नाही, म्हणून कित्येक जण अजून रागावलेले आहेत. २००४ च्या चित्रपटात जिम कॅरी ओलाफ झाला. पहिली तीन पुस्तकं एकात कोंबल्यामुळे तो धावतपळत गेला. २०१७ ते २०१९ या काळात नेटफ्लिक्सवर आलेली मालिका पुस्तकांच्या जास्त जवळ जाते.

मला राहून राहून बोलावंसं वाटतं ते जस्टिस स्ट्राउस यांच्याबद्दल. वाचक त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, किंवा एकच चांगली बाई म्हणून सोडून देतात. त्या मुलांना ग्रंथालय उघडून देतात, प्रेमानं बोलतात. पण त्यांना आयुष्यभर रंगमंचावर काम करायचं होतं, म्हणून ओलाफच्या नाटकात त्या आनंदानं उभ्या राहतात आणि आजूबाजूला काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. शेवटी त्या मुलांना दत्तक घ्यायला तयार होतात. पो म्हणतात, मृत्युपत्राप्रमाणे मुलं नातेवाइकाकडेच वाढली पाहिजेत. बाई रडतात आणि मान्य करतात. मुलं मोटारीत बसतात. मागच्या काचेतून तिघं बघत राहतात, बाई रस्त्यात उभ्या राहून हात हलवतात, आणि लहान लहान होत दिसेनाशा होतात.

हे वाचून झाल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं पुस्तक माझ्याकडून घेतलं, दोन पानं मागे गेली, बोट ठेवून ओळी वाचल्या आणि विचारलं, “मावशी, त्या बाईंकडे गाडी नव्हती का?”