बंदुकीची 'माशी' सैल झाली, तर ती स्वस्तात बसवता येते का?

समजा, डहाणू किंवा तलासरीतल्या एखाद्या घरात वारसाने आलेली जुनी रायफल आहे. लायसन रीतसर नावावर करून घेतलंय. एक दिवस साफसफाई करताना लक्षात येतं, की नळीच्या टोकावरची माशी हलतेय. बाजारात वेल्डिंगवाला आहे, घरात एपॉक्सीची ट्यूब पडलेली आहे. शंभर-दोनशे रुपयांत काम होईल असं वाटतं.

पण ते तसं होत नाही. का, ते बघू.

माशी म्हणजे नेम धरताना नळीच्या पुढच्या टोकाला दिसणारा छोटासा उंचवटा. मागच्या साईटच्या खाचेतून ही माशी बघायची आणि ती लक्ष्यावर आणायची. माशी ज्या तुकड्यावर उभी असते तो तिचा बेस. हा बेस नळीच्या बरोबर मध्यावर आणि सरळ उभा असावा लागतो. इथे एक मिलिमीटरही महाग पडतो.

गणित सोपं आहे. दोन साईटमधलं अंतर 60 सेंटिमीटर धरा. माशी फक्त 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर 50 मीटरवर गोळी सुमारे 8 सेंटिमीटर भरकटते. 10 मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत हीच चूक साधारण 17 मिलिमीटरची होते, म्हणजे 10 गुणांचा नेम थेट 4 गुणांवर येतो. आणि माशी 1 मिलिमीटर सरकायला फार काही लागत नाही. ती नळीच्या मध्यापासून 2 सेंटिमीटर उंच असेल, तर बेस 3 अंशांनी कलला तरी पुरे. डोळ्याला तो कल दिसतही नाही.

मागची साईट फिरवून हे सावरता येईल, असं वाटू शकतं. थोडंफार सावरतंही. पण मग नेमाची रेषा नळीच्या रेषेला तिरकी जाते. एका अंतरावर गोळी बरोबर बसते, त्याच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा बाजूला जाते.

कारखान्यात बेस बसवायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. कुठे नळीवर कडं चढवून आडवी पिन ठोकतात, कुठे तिरक्या कडांच्या खाचेत तुकडा घट्ट सरकवतात, कुठे स्क्रू तर कुठे डाग देतात. पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये माशीचं पातं खाचेत बसतं आणि कमी-जास्त उंचीची पाती बदलता येतात. माशी उंच केली की गोळी खाली जाते आणि डावीकडे सरकवली की गोळी उजवीकडे जाते. नवख्याचा गोंधळ इथेच होतो.

वेल्डिंगचा टाका यात सगळ्यात वाईट. कथिलाचा डाग साधारण 200 अंशांवर बसतो, चांदीच्या डागाला 600 अंशांच्या वर तापवावं लागतं आणि वेल्डिंगमध्ये तर पोलादच वितळतं. त्या उष्णतेने नळी वाकू शकते, धातूचं पाणी उतरतं. गोळी नळीतून बाहेर पडते ते टोकही हेच, म्हणजे अचूकतेसाठी सगळ्यात नाजूक जागा. एपॉक्सी नळीला इजा करत नाही, पण धक्क्याने आणि तापण्याने पकड सुटू शकते. छिद्र पाडायला गेलं आणि ड्रिल जास्त आत गेलं, तर नळी बाद.

कारागिरी इथे कमी आहे असं नाही. चिंचणी, वरोर भागात दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. कानसेने केसाएवढी कड घासणं हे त्यांचं रोजचं काम. पण इथे कायदा आड येतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचं लायसन त्यासाठी चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात मालक आणि कारागीर, दोघंही अडकतात.

म्हणून परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जायचं. तलासरीकरांना वापी जवळ पडते, पण लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल, तर आच्छाड नाका ओलांडून बंदूक न्यायची नाही. शंका असेल तर पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

ज्यांना फक्त नेमबाजी शिकायची आहे, त्यांचं काम मात्र स्वस्तात होतं. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला लायसन लागत नाही. (तिने पाखरं मारणं मात्र वन्यजीव कायद्यात गुन्हा ठरू शकतं.) साध्या एअर रायफलची माशी बऱ्याचदा एका स्क्रूवर बसलेली असते. ती तुटली तर त्याच मॉडेलचा सुटा भाग मागवायचा, बसवताना मागच्या साईटशी उभी रेषा जुळवायची आणि स्क्रू पूर्ण आवळण्याआधी 10 मीटरवर पाच छर्रे मारून बघायचे. पाचही एकाच जागी पण बाजूला लागले, तर साईट सरकवायची. इकडेतिकडे विखुरले, तर आधी माशी अजून हलतेय का ते बघायचं.