बैलगाडा शर्यत : शौकिनांच्या आठवणी, मतभेद आणि कायदा – एक विवेचन

प्रस्तावना

जगातील कोणतीही नामांकित वार्षिक शर्यत दोन ठिकाणी धावत असते. एकदा प्रत्यक्ष धावमार्गावर आणि त्यानंतर वर्षभर, किंबहुना पिढ्यान्‌पिढ्या, पाहणाऱ्यांच्या स्मरणात. फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून भरणाऱ्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीविषयी जितके बोलले जाते, तितकेच पुणे जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या पारावर यात्रेतील बैलगाड्यांविषयी बोलले जाते. भारतात ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली व नंतर बंद पडली. तिची आठवण आज क्रीडाप्रेमींच्या एका वर्तुळापुरती उरली आहे. याउलट बैलगाडा शर्यत न्यायालयीन बंदीमुळे सात वर्षांहून अधिक काळ थांबली असतानाही लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. हा फरक कशामुळे पडला? शौकिनांच्या आठवणींमध्ये नेमके काय साठवलेले असते? आणि अभ्यासकाने त्या आठवणींवर कितपत विसंबावे? या प्रश्नांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाघोली व परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. पिलाजी जाधवराव यांच्या नावाशी जोडलेले हवेली तालुक्यातील हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. तथापि आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी शिरूर, खेड, आंबेगाव, दौंड या तालुक्यांतून येतात. यात्रेच्या दिवसांत वर्ग रिकामे का पडतात, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही; ते घाटात सापडते.

शर्यतीचे स्वरूप

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचा एकच प्रकार नाही. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत सपाट मैदानावर अनेक गाड्या एकाच वेळी सोडल्या जातात व गाडीवर हाकणारा असतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील पद्धत यापेक्षा वेगळी आहे. येथे शर्यत चढाच्या धावमार्गावर होते व त्या धावमार्गालाच ‘घाट’ म्हणतात. एका वेळी एकच गाडा धावतो. त्या धावेस ‘बारी’ असे नाव आहे. हलक्या बनावटीच्या गाड्याला बैल जुंपले जातात, पुढे घोडीवर स्वार असतो आणि एकदा गाडा सुटला की गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. प्रतिस्पर्धी शेजारी नसून घड्याळात असतो. काही सेकंदांत बारी संपते. निवेदकाचा ‘झाली... भिर्रर्र’ हा पुकारा, भंडाऱ्याची उधळण आणि मग घोषित होणारी वेळ, एवढाच तो प्रसंग. सर्वांत कमी वेळ नोंदविणाऱ्या गाड्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात.

खेड तालुक्यातील निमगाव-दावडी येथील खंडोबाची माघ पौर्णिमेची यात्रा, तसेच आंबेगाव तालुक्यातील थापलिंग येथील पौष पौर्णिमेची यात्रा या शर्यतींसाठी ओळखल्या जातात. शर्यत देवाच्या यात्रेला जोडलेली असल्याने तिच्याकडे केवळ क्रीडाप्रकार म्हणून पाहता येत नाही. अनेक घरांत गाडा पळविणे ही नवसाची, मानाची बाब असते. बंदीच्या काळातही यात्रा भरतच होत्या. घाट तेवढा मोकळा होता. स्मरण टिकून राहण्याचे एक कारण येथे आढळते. ग्रेटर नोएडाची शर्यत थांबली तेव्हा तिच्याबरोबर तिचा दिवसही गेला. बैलगाड्याचा दिवस मात्र पंचांगात कायम होता.

बंदी आणि परवानगी यांचा क्रम

शौकिनांच्या बोलण्यात ‘सात वर्षांची बंदी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. घटनाक्रम मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यातील तरतुदीचा आधार घेऊन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढली व ज्या प्राण्यांचे प्रदर्शन वा खेळासाठी प्रशिक्षण करता येत नाही, अशांच्या यादीत बैलवर्गीय नराचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पशुकल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा या प्रकरणात तामिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती यांस मनाई केली. बैलाची शरीररचना अशा खेळास अनुकूल नाही आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे हे संविधानाने सांगितलेले कर्तव्य आहे, ही त्या निर्णयामागील प्रमुख भूमिका होती.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटींसह सूट देणारी अधिसूचना काढली. काही दिवसांतच न्यायालयाने तीस स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूत मोठे आंदोलन होऊन तेथील विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्राने त्याच वर्षी तशीच दुरुस्ती केली. अटींचा भंग करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद तीत आहे. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती सुरू झाल्या नाहीत. अखेरीस १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. एखादी प्रथा सांस्कृतिक वारशाचा भाग आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे काम विधिमंडळाचे आहे, असे त्या पीठाने नमूद केले.

शौकिनांच्या मतांचे प्रवाह

शौकिनांचे मत एकमुखी आहे, हा समज बरोबर नाही. त्यात निदान तीन प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह गाडामालकांचा. त्यांच्या दृष्टीने शर्यतीचा बैल हा घरातील लेकरासारखा असतो. त्याचा खुराक, त्याची मालिश, त्याचे नाव यांना घरात स्थान असते. शेतीच्या कामाला न जुंपलेला बैल केवळ शर्यतीमुळे गोठ्यात राहिला, असे ते सांगतात. खिलार जातीचे जतन शर्यतीमुळे होते, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद आहे.

दुसरा प्रवाह जुन्या, वयोवृद्ध शौकिनांचा. त्यांना शर्यत हवी आहे. पण आजची शर्यत आपली वाटत नाही. पूर्वी मानाचा फेटा आणि नारळ यांत समाधान होते, आता दुचाकी व ट्रॅक्टर बक्षीस म्हणून लागतात, अशी त्यांची खंत असते. यात्रा कमिटीची जागा राजकीय पुढाऱ्यांच्या फलकांनी घेतली, असेही ते बोलून दाखवितात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिरूरचे खासदार अमोल कोल्हे निमगाव-दावडीच्या घाटात स्वतः घोडीवर स्वार झाले, यावरून घाट आणि मतदारसंघ यांचे नाते किती जवळचे आहे हे ध्यानात येते.

तिसरा प्रवाह संख्येने लहान, परंतु महत्त्वाचा आहे. शर्यत आवडते, मात्र बैलाला टोचणे, शेपटी पिरगळणे वा चावणे, विजेचा झटका देणे हे आवडत नाही, असे म्हणणारे शौकीन गावोगाव आहेत. प्राणिप्रेमी म्हणजे शहरी व शौकीन म्हणजे ग्रामीण, ही विभागणी त्यांच्यामुळे टिकत नाही.

आठवणींचे वाचन कसे करावे?

मौखिक इतिहासाच्या अभ्यासात आठवण ही साक्ष असते, निकाल नसतो. बैलगाड्याविषयीच्या आठवणी नोंदविताना तीन गोष्टींचे भान ठेवावे लागते.

पहिली गोष्ट कारणमीमांसेची. ‘बंदी आली आणि बैल गेले’ हे विधान वारंवार कानी पडते. पशुगणनेचे आकडे त्यास अर्धाच दुजोरा देतात. देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ मध्ये ती ४ कोटी ७४ लाखांवर आली, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. परंतु ही घट जेथे शर्यतीची परंपरा नाही अशा प्रदेशांसह सर्व देशाची आहे. ट्रॅक्टरचा प्रसार, तुकड्या-तुकड्यांची शेती, चाऱ्याचा खर्च, महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर आलेली बंदी व त्यामुळे बदललेला बाजार अशी अनेक कारणे एकाच काळात कार्यरत होती. शौकिनाचे स्मरण त्यांतील एकच कारण निवडते, कारण तेच त्याच्या जिव्हारी लागलेले असते. त्याचे दुःख खरे आहे. त्याची कारणमीमांसा मात्र पडताळून पाहावी लागते.

दुसरी गोष्ट मौनाची. शौकीन जिंकलेल्या बाऱ्या सांगतो; पाय मोडलेला बैल किंवा गर्दीत घुसलेला गाडा क्वचितच सांगतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. १९५५ मध्ये ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तरीही त्या दिवशी शर्यत थांबविण्यात आली नाही. त्यानंतर स्वित्झर्लंडने धावमार्गावरील मोटार शर्यतींवर बंदी घातली. तेथे प्रश्न प्रेक्षकाच्या जिवाचा होता. येथे प्रेक्षकाबरोबर बैलाच्याही जिवाचा आहे, आणि बैलाला आठवण सांगता येत नाही. म्हणून जे सांगितले गेले नाही ते विचारणे, हे अभ्यासकाचे काम ठरते.

तिसरी गोष्ट अनुपस्थितांची. गोठ्यातील शेण काढणाऱ्या, बैलाला वैरण घालणाऱ्या स्त्रिया घाटातील गर्दीत फारशा नसतात. त्यामुळे शर्यतीच्या आठवणी बहुतांशी पुरुषांच्या आहेत. बैल विकला गेला त्या दिवशी घरात काय घडले, हे कदाचित त्या स्त्रियाच अधिक नेमकेपणाने सांगू शकतील.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बैलगाडा शर्यतीचे स्मरण हे केवळ वेगाचे स्मरण नाही. शेतकऱ्याचे बैलाशी असलेले कामाचे नाते संपत आले असताना त्या नात्याला उरलेली ती एक जाहीर जागा आहे. म्हणूनच बंदीच्या काळात तिचा इतका तीव्र शोक झाला. मात्र नात्याचा दावा करणाऱ्यावर नात्याची जबाबदारीही येते. बैल लेकरासारखा आहे, हे विधान खरे मानावयाचे असेल तर नियमावली ही सरकारने लादलेली अट न वाटता घरची शिस्त वाटली पाहिजे. घटनापीठाने दुरुस्त कायदा वैध ठरविला तो या नियमांच्या भरवशावर. नियम कागदावरच राहिले तर तो भरवसाही डळमळीत होईल.

अध्यापकांपुढे या संदर्भात एक साधे कार्य आहे. वाघोलीसारख्या गावांत जमिनींचे भूखंड झाले, गोठे गेले आणि ज्यांनी बैल जुंपले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. विद्यार्थ्यांनी आपल्याच घरातील आजोबा-आजींकडून या आठवणी तारीख, ठिकाण व बैलाच्या नावासह लिहून घेतल्या, आणि त्यांतील सुखाबरोबर दुखापतींचीही नोंद केली, तर समाजशास्त्र, इतिहास, विधी व पशुविज्ञान या सर्वच शाखांना उपयोगी पडेल असे साधन तयार होईल. पुढील माघ पौर्णिमेला वर्ग रिकामा दिसला, तर गैरहजेरी जरूर मांडावी. परंतु परत आलेल्या विद्यार्थ्याला, घाटात काय पाहिलेस आणि काय पाहवले नाही, हेही विचारावे.