एकट्याने मुंबईला, जॅझ ऐकायला

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हिंगोलीत बसून जॅझची कसली चर्चा? ते मोठ्या हॉटेलातलं, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं संगीत! हाच समज आधी बाजूला करू. कारण एकट्याने शहरात जायचं म्हटलं की पैशाची अडचण असतेच, पण त्याहून मोठी अडचण असते ती 'आपण तिथले नाही' या भावनेची.

आता बघा, 1951 सालचा 'अलबेला' आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिलाय. भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याला जन्मलेले चितळकर. त्या सिनेमात पडद्यावर एक बँड दिसतो, तो चिक चॉकलेट यांचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट असं वाजवायचे की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. म्हणजे जॅझ तुमच्या कानावर पडलेलं आहे, फक्त त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

हे मुंबईत आलं कसं? 1935 साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. हे वादक रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. पुढे 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'जॅझ यात्रा' भरवली. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक आला. नाव बघा, 'यात्रा'! आपल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि हे गोव्याचे वादक मुंबईत राहायचे कुठे? धोबी तलावाजवळ जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे गोव्याच्या गावांच्या 'कुडी' होत्या. कूड म्हणजे त्या त्या गावाने चालवलेली राहण्याची जागा. स्वस्तात झोपायला मिळायचं, पेटी ठेवायची, संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करायचे. गावाहून माणूस एकटा यायचा. पण ओळखी, काम, वाद्य शिकवणारा, सगळं तिथेच भेटायचं. एकट्याच्या प्रवासाची पहिली युक्ती यातच आहे : राहण्याची जागा अशी निवडा, जिथे लोक एकत्र बसतात. बंद खोलीपेक्षा हॉस्टेल किंवा डॉर्मिटरी बरी. चहा घेता घेता बोलणं सुरू होतं.

आता संगीत समजून घेऊ. आपल्याकडे भजनात काय होतं? ध्रुपद सगळे मिळून म्हणतात, मग एकजण चाल फुलवतो, पखवाजवाला आपली करामत दाखवतो, आणि फिरून सगळे ध्रुपदावर येतात. जॅझचा सांगाडा बराचसा असाच आहे. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग तेच आवर्तन फिरत राहतं आणि प्रत्येक वादक त्यावर ऐनवेळी सुचेल ते रचतो. शेवटी परत मूळ चाल. ती चाल मनात धरून ठेवली की हरवायला होत नाही. जाण्याआधी माइल्स डेव्हिसचा 1959 चा 'काइंड ऑफ ब्ल्यू' हा एकच अल्बम दहा वेळा ऐका. दहा अल्बम एकेकदा ऐकण्यापेक्षा ते बरं.

एकाचं वादन संपलं की मध्येच टाळ्या वाजवायची रीत आहे, लाजू नका. पण वादन चालू असताना शेजाऱ्याशी बोलू नका. बोलायची वेळ म्हणजे मध्यंतर. बहुतेक ठिकाणी कार्यक्रम दोन भागांत होतो. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत वादकही बाहेर येतात. 'शेवटची चीज कोणती होती?' एवढं विचारा, मराठीत किंवा हिंदीत. वादकाला आपलं वादन कुणी लक्ष देऊन ऐकलं याचा आनंद असतो, तुमच्या इंग्रजीचे मार्क तो देत नाही.

आता आखणी. आपण आधी तिकीट काढतो आणि मग तिथे काय आहे ते बघतो. इथे उलट करा. आधी कार्यक्रमाची तारीख, मग रेल्वे, मग राहणं. नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, 1969 साली स्थापन झालेली संस्था. तिथल्या सभागृहांत जॅझ होतं. 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस, त्याच्या आसपासही बघावं. क्लब मात्र उघडतात, बंद होतात. जुन्या माहितीवर जाऊ नका. फोन करून तीन गोष्टी विचारा : प्रवेश किती, खाणंपिणं सक्तीचं आहे का, आणि संपतं किती वाजता. ओळखपत्र जवळ ठेवा, क्लबात वयाची अट असते.

हिंगोलीहून आता मुंबईला थेट जनशताब्दी आहे. सीएसएमटीला उतरलं की धोबी तलाव पायी जाण्याच्या अंतरावर. तीन रात्री ठेवा. पहिली सभागृहात, दुसरी लहान क्लबात, आणि तिसरी? नवीन जागा शोधू नका, दुसऱ्या रात्रीच्याच ठिकाणी परत जा. पहिल्या दिवशी तुम्ही अनोळखी असता, दुसऱ्या दिवशी 'कालचे तुम्हीच ना?' असं कुणीतरी विचारतं. ओळख तिथून सुरू होते. आणि अर्धा तास आधी पोहोचा, रिकाम्या जागेत बोलणं सोपं जातं.

इथे एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : 'मुलीने एकटीने जावं का?' ताई, जावं. पण सुरुवात सभागृहापासून करावी. तिथे कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू होतो, संपतोही वेळेत. राहण्याचं ठिकाण जवळ असावं. परत कसं यायचं हे निघण्याआधीच ठरवावं, गाण्याच्या रंगात ते ठरत नाही. लोकल मध्यरात्रीनंतर थोडाच वेळ असते, मग थेट पहाटे. रोज रात्री घरी एक फोन करायचा. नव्या ओळखीच्या माणसाशी भरपूर बोला, पण कुठे उतरलात ते सांगू नका. हे मुलांनाही लागू आहे बरं का!

शेवटी एवढंच. आपल्या जिल्ह्यातली नरसी ही नामदेवांची भूमी. कीर्तन करत तो माणूस पार पंजाबपर्यंत गेला आणि तिथल्यांना आपला वाटला. त्यांच्या मुलखाने गाणं ऐकायला मुंबईपर्यंत जायला बिचकू नये. प्रश्न असतील तर विचारा, आपल्याकडे अजून वीस मिनिटं आहेत.