तात्या विंचूचा मंत्र : तीन दशकांचा मागोवा

प, फ, ब, भ, म. ओठाला ओठ लागल्याशिवाय ही पाच अक्षरं उमटत नाहीत, आणि शब्दभ्रमकाराला तर ओठ हलवायचेच नसतात. मग तो जिभेनं चोरवाटा काढतो. ‘म’च्या जागी ‘न’च्या जवळचा आवाज, ‘प’च्या जागी ‘त’च्या जवळचा, आणि तोही इतक्या सफाईनं की उरलेली दुरुस्ती ऐकणाऱ्याचा कानच करून टाकतो. मराठीतला सगळ्यात गाजलेला दुष्ट बाहुला जो मंत्र म्हणतो, त्यात नेमकी अशी अक्षरं आहेत : ‘ॐ फट् स्वाहा’. पहिल्याच उच्चाराला ओठ मिटतात, दुसऱ्याला पुन्हा. सिनेमात आवाज मागाहून भरता येतो म्हणून निभावलं. मांडीवर बाहुला घेऊन प्रेक्षकांसमोर हेच म्हणायचं तर कसब पणाला लागतं.

हा बाहुला म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तून १९९३ मध्ये तो आला आणि मग गेलाच नाही. मराठी पडद्यानं सावकार पाहिले, पाटील पाहिले, छळवादी सासवा पाहिल्या. पण ज्याला स्वतःची जन्मकथा आहे, मंत्रानं मिळालेली शक्ती आहे, त्या शक्तीचे नियम आहेत आणि शेवटी एक मर्मस्थानही आहे, असा कॉमिकच्या पानावर शोभणारा महाखलनायक लोकांच्या मनात ठसला तो तात्याच.

त्याचा मागोवा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून घेतला तर तो जरा वेगळा दिसतो. इथे ‘मंत्र मारणं’ हा नुसता वाक्प्रचार नाही. करणी, भानामती, जादू हे शब्द इथल्या काही गावांत अजून दबक्या आवाजात बोलले जातात, आणि कुणाच्या तरी नावाला चिकटले की माणसाच्या जिवावर उठतात. मंत्रवाला खलनायक गोष्टीत कसा घडला आणि गोष्टीबाहेर त्याचं काय होतं, हे दोन्ही इथे शेजारी ठेवून पाहता येतं.

तात्याच्या आधी मराठी मुलांना अशा दुनियेची ओळख कॉमिक्सनं करून दिली होती. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. ली फॉक यांचा ‘फँटम’ त्यातून मराठीत आला तो ‘वेताळ’ होऊन. हे नामकरण धाडसाचंच म्हणायचं. गावोगावी शेंदूर फासलेल्या दगडात ज्याची वस्ती, तो भुतांचा राजा एकाएकी दुबळ्यांचा कैवारी झाला आणि पोरं त्याच्या बाजूनं उभी राहिली. त्याच्या जोडीला जादूगार मॅन्ड्रेक होता. नजरेनं भुरळ घालून गुन्हेगाराच्या हातातली बंदूक त्याला साप भासवणारा! भीतीची सगळी सामग्री तीच ठेवून बाजू बदलता येते, हे या पानांनी एका पिढीला शिकवलं.

कोठारेंच्या खलनायकांची नावं या पानांच्या नात्यातली वाटतात. ‘थरथराट’मध्ये (१९८९) टकलू हैवान, ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) कवट्या महाकाळ, ‘झपाटलेला’त तात्या विंचू आणि त्याचा साथीदार कुबड्या खवीस. नाव ऐकताच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातही ‘तात्या’ची गंमत न्यारी. घरातल्या वडीलधाऱ्या, आदराच्या हाकेला विंचवाची नांगी जोडली की ओळखीचं माणूसच अंगावर येतं.

तात्याची कुळकथा अशी. मुळात तो हाडामांसाचा गुंड. मरणाला हुलकावणी देण्यासाठी तो गुहेतल्या बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. या मंत्रानं आत्मा एका शरीरातून दुसरीकडे नेता येतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागून तो कोसळतो, तेव्हा जवळ माणूस नसतो, बाहुला असतो. तात्या मंत्र म्हणतो आणि त्या बाहुल्यात शिरतो. पुढे हा बाहुला श्रीरंगपूरच्या लक्ष्याच्या हाती पडतो. शब्दभ्रमकार लक्ष्या समजतो, बोलका बाहुला मिळाला, नशीब उघडलं!

इथून नियमांचा खेळ सुरू होतो. बाहुल्याच्या शरीरातून सुटायचं तर आपलं खरं रूप ज्याला पहिल्यांदा उघड केलं, त्याच माणसाच्या देहात जावं लागेल. तो माणूस म्हणजे लक्ष्या. खून तात्या करतो आणि संशय येतो लक्ष्यावर. बाहुला बोलतो, बाहुला मारतो, हे तो जीव तोडून सांगतो, पण विश्वास कोण ठेवणार? लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाला इथे खरी धार आली. आपण हसतो, पण एका निरपराध माणसाला सगळं गाव गुन्हेगार आणि वेडा ठरवतंय, हे त्या हसण्याखाली चालूच राहतं.

कथेचा सांगाडा अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’चा (१९८८). तिथला चकी हाही मरता मरता बाहुल्यात शिरलेला खुनी. पण अंगावर कपडे चढवताना बरंच काही पालटलं. तिथे वूडू, इथे गुहेतला बाबा. तिथे बाहुला लहान मुलाच्या मागे लागतो, इथे आईच्या छायेत वाढलेल्या भोळ्या तरुणाच्या. तिथे मारायचं तर हृदयावर नेम धरावा लागतो. तात्याचं मर्मस्थान मात्र दोन भुवयांच्या मध्ये आहे, जिथे आपण गंध लावतो, कुंकू लावतो आणि योगशास्त्र आज्ञाचक्र सांगतं. एवढ्या एका बदलानं परदेशी गोष्ट इथल्या मातीत रुजली. ‘भुवयांच्या मध्ये गोळी’ हे समजायला मराठी पोराला कुणी काही समजावून द्यावं लागलं नाही.

त्याला शरीर दिलं शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. वडील यशवंत पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ची परंपरा सांभाळणारं आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा घराघरांत पोहोचवणारं हे घर. बोलक्या बाहुल्याची रचना म्हटली तर साधी असते. पोकळ धडात हात जातो, मानेच्या दांड्यावर बोटांखाली कळ असते, ती दाबली की जबडा उघडतो. डोळे आणि भुवया हलवायला वेगळ्या दोऱ्या. जिवंतपणा येतो तो वेळेच्या हिशोबातून. जबडा शब्दाच्या आधी उघडला तर लाकूड दिसतं, शब्दाबरोबर उघडला तर माणूस.

आणि माणूस दिला दिलीप प्रभावळकर यांनी. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण त्यांनीच रंगमंचावर गाजवली होती. चेटकीण आणि मंत्रसिद्ध गुंड, मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना ज्यांनी घाबरवलं आणि हसवलं, ती दोन्ही पात्रं एकाच नटाची. चिंची २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या रूपानं पुन्हा रंगमंचावर आली आणि पोरांनी नाट्यगृहं भरून टाकली. तात्याही मराठीपुरता राहिला नव्हता. १९९५ मध्ये तो ‘खिलौना बना खलनायक’ म्हणून हिंदीत गेला. २००४ मध्ये बेर्डे गेले. २०१३ च्या जूनमध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत झळकला, तेव्हा तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागला होता आणि तो मुलगा साकारला होता आदिनाथ कोठारे यांनी.

त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडत होते. चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकार आहेत. वनजिल्ह्यांच्या दृष्टीनं त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे एखाद्यावर करणीचा, चेटकाचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं, मारहाण करणं, धिंड काढणं हाच गुन्हा ठरवला गेला. मंत्र म्हणणाऱ्यापेक्षा ‘हा मंत्र मारतो’ असं बोट दाखवणारा धोकादायक, हे कायद्यानं ओळखलं.

कायदा झाला, तरी बोटं उठत राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारलं गेलं. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा इथे, जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आलं. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली.

ही माणसं आणि तात्या यांच्यात काय साम्य? काहीच नाही. तात्याकडे पिस्तूल होतं, टोळी होती. मंत्र त्यानं नंतर मिळवला. गोष्टीतला मंत्रवाला आधी बलदंड असतो. गावात ज्याच्यावर आळ येतो तो बहुधा म्हातारा, एकटा, विधवा, गरीब, नाहीतर जमिनीच्या वादातला दुबळा पक्ष असतो. तात्याच्या शक्तीला नियम आहेत, मुदत आहे, अंत आहे. संशयाला नियम नसतात. मूल मेलं तर त्यानंच मारलं आणि वाचलं तर यानं मंत्र मागे घेतला, दोन्हीकडून तोच सापडतो. या गावांतल्या माणसाची जागा सिनेमात शोधायची तर ती लक्ष्याची आहे : सगळं गाव एका बाजूला आणि ‘मी केलं नाही’ म्हणणारा एकटा दुसऱ्या बाजूला.

संशयाला खतपाणी घालणारी कारणं मात्र खरी आहेत आणि ती दूर करता येतात. महाराष्ट्रातल्या मलेरियाचं ओझं वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त गडचिरोलीनं वाहिलं. मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया सकाळी खेळणाऱ्या मुलाला संध्याकाळी झटके देतो. ते बरळतं, डोळे फिरवतं, शुद्ध हरपतं. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी अंगात शिरलंय. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. अशा रात्री दवाखाना लांब आणि पुजारी जवळ असतो. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये हेमलकशात उभा राहिला तो याच परिसरात. औषधानं ताप उतरतो हे एका घरानं पाहिलं की दुसरं घर येतं, असा विश्वास इथे एकेका रुग्णागणिक कमवावा लागला.

या भागाला गोष्टीची ताकद परकी नाही. झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आलं की मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्तानं नाटकं सुरू होतात. वडसा हे त्यांचं केंद्र. तिथून कंपन्या गावोगाव जातात, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे, गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे. इथल्या नाटकात खलनायक दणदणीतच लागतो. तो मंचावर आला की थंडीत घोंगडी पांघरून बसलेली माणसंसुद्धा सावरून बसतात. दारू, हुंडा, कर्ज, अंधश्रद्धा हे विषय याच मंचावरून लोकांपर्यंत गेले. इथला प्रेक्षक रात्रभर खलनायकाला शिव्या घालतो आणि सकाळी तोच नट चहाच्या टपरीवर भेटला की त्याला चहा पाजतो. सोंग कुठे संपतं हे त्याला नेमकं कळतं.

हेच कळणं गावच्या संशयापर्यंत नेण्याचं काम अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते करत आले. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये अखिल भारतीय समिती उभारली, दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र समिती. त्यांची पद्धत पाध्यांच्या कलेच्या अगदी जवळची, फक्त उलट्या दिशेची. शब्दभ्रमकार कळ लपवतो, हे कळ दाखवतात. सुक्या नारळाच्या शेंडीत आधीच पोटॅशियम परमँगनेटचे दाणे लपवलेले असतात. वरून ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओतलं की थोड्या वेळानं धूर येतो आणि नारळ पेट घेतो. मांत्रिकाची अख्खी रात्रीची कमाई त्या दोन पदार्थांत असते.

शाळांमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो लिंबाचा प्रयोग. जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळू दिलेल्या असतात. पात्यावर काही दिसत नाही. कार्यकर्ता डोळे मिटून तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटतो आणि लिंबू कापतो. रस रक्तासारखा लाल होऊन बोटांवर ओघळतो. पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकतात. मग तो जास्वंदीचं फूल काढून दाखवतो, पातं त्यांच्यासमोर चोळतो आणि सुरी एका मुलीच्या हातात देतो. या वेळी मंत्र कुणीच म्हणत नाही. मुलगी लिंबू कापते, आणि रस तेवढाच लाल निघतो.